पस्तिशीत दाताला तारा: दुखतंय त्याचं आणि दुखत नाही त्याचं

प्रश्न औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवरच्या एका बाईंचा आहे. वय पस्तीस. वरचे दात पुढे आलेले, खालचे एकमेकांवर चढलेले. वरचे दोन दात काढून दहा दिवसांपूर्वी त्यांनी लातुरात ब्रेसेस बसवून घेतल्या, डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलंय. पहिले चार दिवस मऊ भाताशिवाय काही गेलं नाही. आता गालाला आतून फोड आलेत. डॉक्टरांनी मागच्या दाढांवर निळे उंचवटे चिकटवलेत, त्यामुळे दात नीट मिटत नाहीत आणि चौथीच्या वर्गात बोलताना जीभ अडखळते. घरी सासूबाई म्हणतात, "ह्या वयात कशाला ही हौस?" येळवस, म्हणजे शेतात जेवायला जायची वेळा अमावस्या, तीन आठवड्यांवर आलीय. बाई विचारतात, काढून टाकू का?

ताई, काढू नका. निदान हा महिना तरी तो विचार बाजूला ठेवा. मी बावीस वर्षं हेच काम करतोय. तिशी-चाळिशीत तारा लावलेल्या बहुतेकांनी दुसऱ्या आठवड्यात मला हाच प्रश्न विचारलाय, आणि तिसऱ्या महिन्यात आठवण करून दिली तर "मी असं कधी म्हणालो?" असं म्हटलंय. तुम्ही विचारलेलं सगळं दुखण्याबद्दल आहे, त्याचं उत्तर देतोच. पण या उपचारात दुखण्यानं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते न दुखता, त्यामुळे न विचारलेलंही थोडं सांगणार आहे.

आधी दुखणं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा एक थर असतो, जाडी साधारण पाव मिलिमीटर, त्याहूनही थोडी कमीच. तार दाताला ढकलते तेव्हा एका बाजूला हा थर दाबला जातो आणि तिथलं हाड शरीराच्या पेशी कुरतडून काढतात. दुसऱ्या बाजूला थर ताणला जातो, तिथे नवीन हाड भरतं. या खटाटोपात थोडी सूज येते, तेच तुमचं दुखणं. तारा बसवल्यावर चार-सहा तासांनी ते सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्यात ओसरतं. म्हणजे तुमचा तो भाग सरला. पुढे दर वेळी तार बदलली की दोन-तीन दिवस ठणकेल, पण पहिल्या वेळेसारखं सहसा नाही. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल घ्या. सूज उतरवणाऱ्या गोळ्या रोज खाण्यात अर्थ नाही, ज्या सुजेमुळे दात सरकतो तिच्यावरच त्या घाव घालतात.

एक साधा उपाय सांगतो, लोकांना तो खोटा वाटतो. पहिली तार बहुधा निकेल-टायटॅनियमची असते, आणि त्यातल्या काही तारा तोंडाच्या उबेनं जोर धरतात, गार झाल्या की सैल पडतात. ठणका लागला की माठातल्या गार पाण्याचा घोट तोंडात धरून बघा. उलट कडक चहा पिताना दात जास्त ओढल्यासारखे वाटतात, ते मनाचे खेळ नाहीत.

दात हलतील. "डॉक्टर, दात हलूलालेत, पडतेत की काय," असा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो. सरकणारा दात थोडा हलणारच. मधल्या काळात चेहराही विचित्र दिसेल, आधी नसलेल्या फटी पडतील, जे दात नीट मिटत होते तेही मिटेनासे होतील. घर दुरुस्तीला काढल्यावर आठवडाभर जसं दिसतं तसं.

इथल्या अडत बाजारातले एक व्यापारी होते, पन्नाशीच्या आतले, सोयाबीनचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आले. म्हणाले, "जरा जास्तच आवळा, दिवाळीपर्यंत उरकून टाका." असं होत नाही. जास्त जोर लावला की तो थर इतका दबतो की तिथलं रक्तच थांबतं. मग हाड कुरतडणाऱ्या पेशी येणार कुठून? दात जागेवर अडून बसतो आणि दुखतं मात्र दुप्पट. हलक्या हातानं महिन्याला साधारण एक मिलिमीटर, हा दाताचा चालण्याचा वेग. तुमचे काढलेले दात प्रत्येकी सात मिलिमीटरच्या आसपास रुंद असणार, आणि आधी दात ओळीत आणणं, शेवटी नीट जुळवणं हे वेगळंच, तेव्हा दीड वर्ष का सांगितलं याचा हिशेब तुम्हीच मांडा, गणिताच्या बाई असाल तर जास्तच चांगलं. चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात तेही म्हणूनच. दर आठवड्याला जाऊन काही साधत नाही. पण निवडणूक ड्युटी लागली, एसटी चुकली, पाहुणे आले म्हणून तीन-तीन महिने गेला नाहीत तर वर्ष वाढलंच समजा.

मोठ्या वयाचा फरक कुठे पडतो तेही सांगून टाकतो. दात सरकायला वयाची अट नाही. लहानपणी जबडा वाढत असतो, त्या वाढीचा आम्ही फायदा घेतो, तो तुमच्याकडे नाही. म्हणून कधी दात काढावे लागतात. पण त्याहून मोठा फरक हिरड्यांचा आहे, त्याकडे पुढे येतो.

गालाच्या फोडांना मेण. डॉक्टरांनी डबी दिली असेल. "लावलं पण टिकत नाही" ही सगळ्यांची तक्रार, कारण ओल्या ब्रॅकेटवर (तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा चौकोन) ते लावलं जातं. गाल बोटानं बाजूला ओढा, कापसानं ते ब्रॅकेट कोरडं करा, हरभऱ्याएवढं मेण बोटात मळून मऊ करा आणि दाबून बसवा. जेवताना काढा, गिळलं गेलं तरी घाबरू नका. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चारदा गुळण्या. दोन-तीन आठवड्यांत गालाची कातडी निबर होते आणि फोड थांबतात. एकाच जागचा फोड तीन आठवड्यांपुढे गेला तर मात्र दाखवायचाच, ब्रेसेस असोत नसोत.

मागची तार टोचायला लागली तर पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकानं हळूच आत वळवा, वर मेण लावा आणि दवाखान्यात फोन करा. ब्रॅकेट निघून तारेवर फिरत असेल तर तसंच राहू द्या. पूर्ण सुटून हातात आलं तर कागदात गुंडाळून सोबत न्या. घरी फेव्हिक्विक लावून आलेला एक पेशंट मी पाहिलाय, त्यावर जास्त बोलत नाही.

ते निळे उंचवटे. तुमचे वरचे दात मिटल्यावर खालच्यांना झाकत असतील, तेव्हा खालच्या ब्रॅकेटवर वरचे दात आपटून ते तुटू नयेत म्हणून ते बसवतात. पहिले दोन आठवडे घास फक्त त्या दोन ठिकाणीच चावला जातो आणि माणूस वैतागतो. पुढे बाकीचे दात हळूहळू जुळतात, आणि मग डॉक्टर उंचवटे घासून कमी करतात. आपले आपण काढायला जाऊ नका.

बोलणं यामुळेच अडखळतंय. समोरचे दात मिटत नाहीत म्हणून "स" आणि "श" मधून हवा सुटते, आणि चमचा, चटणी, जहाज यांतले च-ज लटपटतात. घरी रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचा, तुमच्या हाताशी बालभारती आहेच. जीभ फार लवकर नवी वाट शोधते. वर्गात लपवत बसू नका. एका शिक्षकांनी पहिल्या दिवशी पूर्ण वर्गाला रांगेनं जवळ बोलावून दात दाखवले, ब्रॅकेट मोजायला लावली, वीस भरली. दुसऱ्या दिवसापासून कोणी बघेना. तोंडावर हात धरून बोलणाऱ्या माणसाकडे पोरं महिनाभर टक लावून बघतात.

आता खाणं. नेटवर सूप आणि पास्त्याच्या याद्या दिसतात, त्या बघून आपल्याकडची माणसं उपाशीच राहतील. आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात या काळासाठी भरपूर आहे. भाकरी सोडायची नाही, तोडून चावायची नाही. येसराच्या आमटीत किंवा दुधात कुस्करून पाच-दहा मिनिटं भिजू द्या. वरणफळं, पिठलं-भात, कढी, मऊ खिचडी, दह्यासोबत धपाटे (तेही ताजे, दुपारचे वातड होतात). सकाळी सुशीला करा, मुरमुरे चांगले भिजवले तर तिच्यासारखं सोयीचं काही नाही, फक्त वरचे शेंगदाणे काढून. फळांत सीताफळ बीडच्या डोंगरातलं मिळालं तर उत्तम, बिया सांभाळा. केसर आंब्याच्या दिवसांत रस प्या, कोय चोखायला जाऊ नका.

ठेच्याला फोड भरेपर्यंत सुट्टी. कोरडी शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून चालेल. कडक म्हणजे काय हे मात्र नीट समजून घ्या. पेरू, गाजर, काकडी वर्ज्य नाहीत, समोरच्या दातांनी चावा घेणं वर्ज्य आहे. पातळ फोडी करून मागच्या दाढेनं खा. ऊस, चिक्की, फुटाणे, सुपारी, खारीक, बर्फाचा खडा आणि मटणाचं हाड यांना दीड वर्ष रामराम. ब्रॅकेट बहुतेक वेळा यातल्याच कशानं तरी तुटतं, आणि तुटलं की "काहीच खाल्लं नव्हतं डॉक्टर" हेही ठरलेलं.

नवरात्रात तुळजापूरच्या वाऱ्या आणि नऊ दिवसांचे उपवास असतात, तेव्हा साबुदाण्याची खिचडी तारेत अशी बसते की मला ती सुईच्या टोकानं काढावी लागते. साबुदाणा चिकट आणि नुसता पिठूळ, तोंडात तासभर राहिला की किड्याचं काम सोपं. भगर आणि आमटी बरी.

हळदीचा इशारा कोणी दिला नसेल तर मी देतो. ब्रॅकेटवर तार धरून ठेवणारी छोटी रबरी वळी पारदर्शक घेतली असतील तर ती एका जेवणात पिवळी होतात. ते अडत व्यापारी दात दिसू नयेत म्हणून महागडी सिरॅमिक ब्रॅकेट घेऊन गेले आणि संध्याकाळी वरण खाऊन दुसऱ्या दिवशी पिवळेधमक परत आले. पुढच्या वेळी राखाडी किंवा चंदेरी मागा.

हे झालं दुखणारं. आता जे दुखत नाही ते.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाच्या तारा काढल्या. दात सुतासारखे सरळ. गोंद घासून काढला, पाण्यानं धुतलं, हातात आरसा दिला. प्रत्येक दातावर, जिथे ब्रॅकेट होतं त्याच्या भोवती, खडूनं काढल्यासारखी पांढरी चौकट. मधला चौकोन चकचकीत, कडेचा भाग मेलेला. तो आरशात बघत राहिला आणि म्हणाला, "हे पुसून निघतंय ना?" नाही निघत. दीड वर्ष ब्रॅकेटच्या कडेला किटण बसून राहिलं आणि त्यातल्या आम्लानं दाताच्या वरच्या थरातला चुना काढून घेतला. हे डाग महिनाभराच्या हयगयीतही उठू शकतात, आणि उठताना काडीचंही दुखत नाही. फ्लोराइडनं थोडे पुसट होतात, एवढंच.

म्हणून घासणं. आडवा ब्रश फिरवून तारांचे दात घासले जात नाहीत. ब्रश तिरका धरून आधी ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली पट्टी, मग उलटा तिरका करून ब्रॅकेटच्या खालची बाजू, शेवटी चावण्याची आणि आतली. मग बाटली धुण्याच्या ब्रशाचं पिल्लू दिसतं तो छोटा दंतब्रश तारेखालून प्रत्येक दाताशी वर-खाली घालायचा. रात्रीला पाच मिनिटं लागतात, लागू द्या. शाळेत डब्यानंतर निदान खळखळून चूळ भरून आरशात एकदा बघा.

पेस्ट फ्लोराइडची हवी. इथे एक गोंधळ असतो. नांदेड, बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात, आणि मग ते म्हणतात आम्हाला फ्लोराइडची पेस्ट नको. ते पट्टे दात हिरडीच्या आत तयार होत असताना, बालपणी, पोटात गेलेल्या पाण्यानं पडतात. पस्तिशीत तयार दाताला वरून लावून थुंकलेल्या पेस्टनं ते पडत नाहीत. मात्र अशा दातांवर ब्रॅकेट चिकटायला कुरकुर करतं. चिकटवण्याआधी आम्ही दातावर आम्ल लावून तो खरखरीत करतो, आणि पट्ट्यांचा दात त्या आम्लाला दाद देत नाही. जास्त वेळ लावावं लागतं, तरी एखादं ब्रॅकेट दोनदा निघतं. तुमच्या गावचं पाणी तसं असेल तर ब्रॅकेट निघालं म्हणून डॉक्टरांना लगेच कच्चं ठरवू नका.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा पेशंट विचारायचे, एका तांब्यात दात कसे घासायचे? मी म्हणायचो, तांब्या कशाला, पेला पुरे. घासल्यावर फेस थुंका आणि भरपूर चुळा भरून पेस्ट धुऊन टाकू नका, थोडी दाताला राहिलेलीच चांगली. पाणी आलं, पण हा सल्ला मी बदललेला नाही.

आता हिरड्या. मोठ्या माणसात तारा लावण्यापूर्वी एक्सरे काढून हाड किती शिल्लक आहे ते बघायचं, दात साफ करायचे, रक्त येणं थांबवायचं आणि मग सुरुवात. तुमच्या प्रश्नात यातलं काहीच नाही. झालं असेल तर उत्तम. नसेल, आणि घासताना रोज रक्त येत असेल, तर पुढच्या तारखेला हाच पहिला विषय काढा. सुजलेल्या हिरडीत दात सरकवला की आधीच कमी असलेलं हाड आणखी जातं, आणि ते पुन्हा भरत नाही. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी. हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते लपवू नका, काही औषधांनी दात सरकणंच मंदावतं. गरोदर राहिलात तर कळवा, त्या महिन्यांत हिरड्या जास्त सुजतात.

तंबाखू आणि मिसरी. तुम्ही लावत नसाल, पण आपल्याकडे सकाळी मिसरी लावणाऱ्या बाया सुशिक्षित घरांतही आहेत आणि डॉक्टरला कुणी सांगत नाही. मला ब्रॅकेटच्या कडेचा काळा थर बघूनच कळतं. मिसरीनं दात साफ होत नाहीत, झिजतात, आणि हिरडी आतून कुजली तरी रक्त कमी येतं, त्यामुळे सगळं ठीक वाटत राहतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, माझ्या पेशंटच्या खिशात ती अजून पोचलेली नाही. जो सोडत नाही त्याला मी तारा लावत नाही. यावर माझे काही सहकारी मला हट्टी म्हणतात.

तिसरी न दुखणारी गोष्ट तारा काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. हिरडीतले धागे रबरासारखे दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. खालच्या समोरच्या दातांची तर आयुष्यभर गर्दी करण्याचीच प्रवृत्ती. म्हणून रिटेनर: कधी दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार, कधी काढता येणारी प्लेट. सुरुवातीचे सहा महिने दिवस-रात्र, पुढे रात्री, आणि "किती वर्षं?" याचं प्रामाणिक उत्तर आहे, दात सरळ हवेत तितकी वर्षं. पारदर्शक प्लेट गरम पाण्यानं धुतली की वाकडी होते. लग्नाच्या पंगतीत प्लेट काढून कागदात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवायची आणि ती पत्रावळीसकट जायची, असं उन्हाळ्याच्या लग्नसराईत माझ्याकडे दरवर्षी होतं. डबी पर्समध्ये ठेवा.

खर्चावरून अडलेल्या कुणासाठी एक ओळ: छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात या विषयाचा वेगळा विभाग आहे. रांग आणि वेळ जास्त लागेल, पैसे बरेच कमी. आणि कुठेही गेलात तरी तारा लावणाऱ्याची पदवी विचारा. या विषयात बीडीएसनंतर तीन वर्षांचं वेगळं एमडीएस असतं. विचारलं म्हणून कुणाला राग आला तर तेच उत्तर समजा.

सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही जास्त जाणता. माझा अनुभव एवढाच की "चांगलं दिसायला" म्हटलं की वाद वाढतो. चढलेल्या दातांच्या फटीत ब्रश जात नाही, तिथे किटण साचतं, हिरडी सुजते, हे आरसा घेऊन दाखवलं की सासवा स्वतःचं तोंड उघडून विचारतात, "माझंबी बघा की." मागच्या महिन्यात एका सुनेबरोबर आलेल्या आजींच्या दोन हलत्या दाढा मीच काढायला पाठवल्या.

येळवस. तोवर तुम्हाला महिना झालेला असेल, फोड गेलेले, दुखणं गेलेलं. शेतात जा. आंबील मनसोक्त प्या, भज्जी (शेंगा-भाज्यांची एकत्र भाजी) मऊच असते, तिच्यातले अर्धेकच्चे वाल आणि शेंगांच्या शिरा तेवढ्या बाजूला काढा. बाजरीचा उंडा (उकडलेला गोळा) तोडू नका, भज्जीत चुरून घ्या. गव्हाची खीर चालेल. हुरडा तयार झाला असेल तर गरम असतानाच, कोवळा, चिमूटभर घेऊन मागच्या दाढांनी. गार झालेला नको, आणि खाल्ल्यावर प्रत्येक दाण्याचं टरफल तारेत सापडेल हे धरून चाला. बोरं आणि उसाचं कांडं पोरांना देऊन टाका. ब्रश आणि तो छोटा दंतब्रश पिशवीत ठेवा, शेतातल्या कोपीमागे (कडब्याच्या खोपटामागे) बादलीतलं तांब्याभर पाणी घेऊन उभ्या राहा. पहिल्यांदा चार जणी वळून बघतील. तार बदलायची तारीख नेमकी आदल्या दिवशी येत असेल तर आजच फोन करून ती दोन दिवस पुढे घ्या.